थावरू नायकाचं बेट आणि पाहुणी गाय

आमच्या यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिणेला, पैनगंगेच्या ऐन पात्रात, एक स्वतंत्र देश होता. हसू नका. मी तिथं सरकारी नोकर म्हणून गेलो होतो आणि तिथल्या राजानं मला पाण्यातच अडवून धरलं होतं, म्हणून खात्रीनं सांगतो. त्या देशाला स्वतःचा कायदा होता, व्यापार होता, शेजाऱ्यांशी वागण्याची ठरलेली रीत होती. नकाशात तेवढा तो नव्हता.

दिवाळी अंकासाठी नोकरीतले अनुभव लिहा, असं संपादकांनी सांगितलं तेव्हा आमच्या घरात हशा पिकला. ढोरांना सुया टोचण्यात जन्म गेला, त्यात अनुभव कसले? बायको म्हणाली, "गाईम्हशींकडून लिहून घ्या, त्या जास्त सांगतील." तिचं चुकलं नाही. माझ्या गिऱ्हाइकांपैकी निम्म्यांनी मला लाथा मारल्या आहेत, आणि उरलेल्यांचे मालक मला औषधापेक्षा गप्पांसाठीच थांबवून घेत.

मी डॉक्टर नव्हतो, स्टॉकमन होतो. आर्णीला ढोरांचा दवाखाना होता. तिथं डॉक्टर बसत, आणि मी त्यांच्या हाताखाली सायकलवर गावोगाव फिरे. जखमेतले किडे काढणं, सडलेली खुरं धुणं, अडलेल्या गाईचं वासरू ओढणं आणि साथीच्या दिवसांत लस टोचणं हे माझं काम. लोक मला डाक्टर म्हणत आणि मीही कधी दुरुस्ती करायला गेलो नाही. दिग्रसकडच्या एका शेतकऱ्याच्या बैलाचं पोट फुगलं होतं, त्याला मी तेलातून औषध पाजलं. आठवड्यानं तो गडी स्वतः पोट धरून हजर. म्हणाला, "तेच द्या, पन अर्धं द्या. मी बैलापेक्षा लहान आहो." त्याला समजावता समजावता माझंच पोट दुखायला लागलं.

पण मला लिहायचं आहे ते बेटाबद्दल.

छप्पन साली राज्यं बदलली. त्याआधी पैनगंगेचा अलीकडचा काठ आमचा वऱ्हाडचा आणि पलीकडचा हैदराबादचा, जुन्या निजामाचा. मधल्या बेटाला अलीकडचा पटवारी म्हणे ते पलीकडचं, पलीकडचा म्हणे ते अलीकडचं. सारा वसूल करायला डोंग्यात बसून जायचं आणि वर लोकांच्या शिव्या खायच्या, एवढी हौस कोणालाच नव्हती. त्यामुळे बेट कोणाचंच नव्हतं. छप्पन साली दोन्ही काठ एकाच राज्यात आले, तरी बेटाला ही बातमी कोणी कळवली नाही. तिथं सरकार म्हणून पहिलं पाऊल ठेवलं ते मी, आणि तेही ढोरांच्या साथीमुळे.

बेट लांबीला गुरं चारत हिंडलं तर सकाळ जाईल एवढं, आणि रुंदीला हाक ऐकू जाईल एवढं. पाणी जिकडून येतं त्या वरच्या टोकाला ते लोक नाक म्हणत, आणि खालच्या टोकाला शेपूट. मधल्या उंचवट्यावर तांडा. वस्ती बंजाऱ्यांची. त्यांचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूखभर फिरत. एका सालच्या पुरात त्यांचा तांडा या बेटावर अडकला. पूर ओसरला, पण तोवर रेल्वे आली होती, मोटारी आल्या होत्या आणि मिठाच्या गोण्या वाहायला बैल लागेनासे झाले होते. मग जायचं तरी कुठं? राहिले तिथंच. ज्यांच्या घरच्या बैलांनी मुलूखभर मीठ पोचवलं त्यांना आता मीठ विकत घ्यावं लागे. ते घेताना थावरू नायक दर वेळी एक खडा चाखून तोंड वाकडं करत.

थावरू नायक हे त्या देशाचे प्रमुख. उंच, वाळलेले, लाल पागोटं, कानात चांदीच्या बाळ्या. ते स्वतःचं मत कधी सांगत नसत. "बेट म्हणते" असं सांगत. बेट म्हणते पाऊस येईल, बेट म्हणते तुमचं तंबाखू जुनं हाय. त्यांच्या खालोखाल कारभारी आणि मोठ्या निवाड्यांसाठी नसाब, म्हणजे तांड्याची पंचायत. नसाबीत पुरुष बसत. बाया मागं उभ्या राहत आणि सगळ्यांत जास्त बोलत. कर एकच होता. पावसाळ्याआधी दर घरानं बेटाच्या नाकावर दगड वाहून नेऊन रचायचे, कारण पूर दर साली नाक थोडं थोडं खात असे. म्हातारी असो की नवी नवरी, दगड चुकत नसे.

व्यापाराचं म्हणाल तर उन्हाळ्यात वाळूत डांगर आणि टरबुजाच्या वाड्या, बाकी वर्षभर तूप आणि गोऱ्हे. वाळूत पळून पळून बेटावरच्या गोऱ्ह्यांचे खांदे असे भरत की दिग्रसच्या बाजारात लोक त्यांना पाठीमागूनही ओळखत. गाय मात्र बेटाबाहेर विकायची नाही. बाहेरून यायचं ते मीठ, लोखंड, कापड आणि तंबाखू. व्यापाऱ्यानं पाण्याच्या काठाशी थांबायचं, वर चढायचं नाही. म्हणजे तो सगळा देश त्या गाईंच्या कळपावर उभा होता. कळप गेला असता तर देश गेला असता, एवढं वाचकांनी ध्यानात ठेवावं.

(आता ते बेट बेट राहिलेलं नाही. पुढं माझी बदली वणीकडे, राजूरच्या बाजूला झाली, तेव्हा कळलं की अलीकडची धार गाळानं भरून आली आणि बेट काठाला चिकटलं. लढाई झाली नाही, तह झाला नाही. वाळूनंच विलीनीकरण उरकलं.)

राज्यं बदलल्यावर दोन-तीन सालांनी, भादव्यात, आमच्या काठच्या गावांत बुळकांडी आली. आजच्या पोरांना हा शब्द माहीत नाही, आणि तो माहीत नसावा यासाठीच आम्ही सायकली झिजवल्या. गाईला आधी ताप, मग डोळ्यांतून धार, तोंडात फोड, लाळ, आणि मग अशी हगवण की आठवड्यात भरल्या अंगाची गाय सापळा होऊन पडते. औषध नाही. एका गोठ्यातून दुसऱ्या गोठ्यात जायला या रोगाला एक दोर, एक घमेलं किंवा चिखलाचा एक पाय पुरतो. रोग येण्याआधी लस टोचली तर जनावर जन्मभर वाचतं, पण लस अंगी लागायला पंधरवडा हवा.

मी गावोगाव सावध करत काठाकाठानं चाललो होतो. एका गावात डोंगेवाला म्हणाला, "मधल्या बेटावर बी ढोरं हायेत, डाक्टर. त्यायले कोन सांगन?" मी त्याच्याच डोंग्यात बसलो.

डोंगा बेटाच्या शेपटाला लागला. तिथं एक एकटी झोपडी होती. दारात एक म्हातारी बसली होती आणि तिच्या मांडीवर एका पांढऱ्या गाईचं डोकं. गाईचे डोळे गळत होते. म्हातारी ओढणीच्या पदरानं ते टिपत होती, आपल्या लेकराचे टिपावेत तसे. मी गाईचं तोंड उघडून पाहिलं. हिरड्यांवर कोंडा पसरल्यासारखे फोड. वासानंच मला काय ते कळलं होतं.

ही सोमली याडी. याडी म्हणजे आई. सगळं बेट तिला याडीच म्हणे. थावरू नायकांची थोरली बहीण, विधवा होऊन माहेरी आलेली. आई लवकर गेल्यामुळे थावरूला हिनंच कडेवर वाढवलं होतं. गाय तिची नव्हती. आदल्या दिवशी पाण्यातून वाहत आली आणि शेपटाच्या झुडपांत अडकली. म्हातारीनं दोर टाकून ती ओढून काढली. नशीब एवढंच की कळप वरच्या अंगाला नाकाकडे चरत होता आणि या गाईच्या वाऱ्यालाही आला नव्हता.

थावरू नायक आले, माणसं जमली. मी सगळं समजावून सांगितलं. दोर, पाणी, चारा, माणसाचे हात, कशाकशातून रोग जातो ते सांगितलं. शेवटी म्हणालो, "नायकबा, ही वाचणार नाही. पण जाताना तुमचा सगळा कळप घेऊन जाईल. आत्ताच्या आत्ता नदीत लोटा."

सोमली याडीनं मान वर केली.

"तुह्या घरी पाव्हना आला आन् त्याले ताप भरला, तं तू त्याले विहिरीत लोटतं काय रे बाप्पा?"

मला तेव्हा ठाऊक नव्हतं, पण मी त्या देशाच्या मुळावरच घाव घातला होता. नदीनं आणून दिलेला जीव परत नदीत लोटायचा नाही, हा त्यांचा पहिला कायदा. तेही असेच आले होते ना.

नसाब तिथंच बसली. उन्हं कलली तरी बोलणं संपेना. कोणी म्हणे कायदा, कोणी म्हणे कळप. बाया दोन्ही बाजूंनी बोलत होत्या. शेवटी थावरू नायक उठले. शेपटापासून जरा दूर, पलीकडच्या काठाच्या अंगाला, पात्रात वाळूचा एक उंचवटा वर आलेला होता.

"बेट म्हणते," ते म्हणाले, "पाव्हनी तिथं राहीन. चारापानी बेट देईन. आन् ज्यानं ज्यानं तिले हात लावला, तो बी बेटाच्या बाहीर. डाक्टरनं सांगतलं तसंच."

हात लावलेली माणसं दोनच होती. एक सोमली याडी, दुसरा मी. मला गंमत वाटली, कारण मी तसाही परतच निघालो होतो. म्हातारीनं घोंगडी, पिठाची पिशवी आणि दोर उचलला. थावरू नायक बहिणीकडे न पाहता पाण्याकडे पाहत उभे होते.

आता लस आणायची म्हणजे काय ते सांगतो. ती यवतमाळहून येई, बारीक काचेच्या कुप्यांत, कोरडी भुकटी. बर्फ मोटारीनं, लाकडाच्या भुशात आणि पोत्यात गुंडाळून. बर्फ वितळला की लस मेली. थंड मिठाच्या पाण्यात कालवली की तास-दोन तासांत टोचून संपवायची, नाहीतर तेही वाया. म्हणून थर्मास गळ्यात, त्यावर ओलं पोतं, आणि सायकल हाणायची ती ऊन चढायच्या आत. रस्त्यात कोणी राम राम घातला तरी थांबायचं नाही. माझ्या सगळ्या नोकरीत लोक मला शिष्ट म्हणत, त्याचं कारण हा थर्मास.

तिसऱ्या दिवशी मी सकाळीच बेटापाशी पोचलो. डोंगा काठाला लागणार एवढ्यात थावरू नायकांनी काठी आडवी धरली.

"पाय टेकू नका, डाक्टर."

"नायकबा, लस आणली!"

"आनली न? बेट म्हणते, लई उपकार. पन तुमी बाहीर हा."

"अहो, मी औषध घेऊन आलो!"

"तुमीच सांगतलं, हात लावला तो बाहीर. तिचं तोंड कोनी उघडलं होतं? आमी सगळ्यायनं पाह्यलं."

मी ओरडलो, विनवण्या केल्या, सरकारचं नाव घेतलं. सरकारच्या नावाला तर ते लोक एकमेकांकडे पाहून हसले. मग काठावरच नसाब बसली. इकडे थर्मासमध्ये बर्फाचं पाणी होत होतं आणि तिकडे एक म्हातारबुवा आपल्या पणजोबांपासून सुरुवात करत होते. माझ्या आयुष्यात मी इतका घाबरलो नव्हतो. समोर कळप दिसत होता, ज्याच्यासाठी आलो तो, आणि मधे गुडघाभर पाणी.

मागून एका बाईनं तोडगा काढला. "अरे, त्याले धुवा न!"

मला धुतलं. दुसरा शब्द नाही. राख आणि कडुलिंबाचा पाला लावून नदीत दोनदा बुडवलं. सदरा, पायजमा, टोपी, बूट सगळं डोंग्यात ठेवायला लावलं. पिचकारी आणि सुया मी उकळणारच होतो, त्या त्यांनी आपल्या डोळ्यांसमोर पुन्हा उकळायला लावल्या. मग थावरू नायकांनी आपलं धोतर आणि बंडी दिली. धोतर माझ्या अंगाला इतकं मोठं की सावरता सावरता पुरेवाट झाली, आणि बाया तोंडाला ओढणी लावून हसत होत्या. पण एक गोष्ट सांगतो, अनोळखी माणसाला पाहून उधळणाऱ्या त्या गाईंपैकी एकही त्या वेशात माझ्यावर उधळली नाही. एकेका मानेची कातडी चिमटीत धरायची, सुई घालायची, सोडायची. पोरीबाळी गाईंना नावानं बोलावून आणत होत्या. शेवटची कुपी संपली तेव्हा बर्फाचा सुपारीएवढा तुकडा उरला होता. तो मी तोंडात टाकला. इतका गोड बर्फ पुन्हा कधी लागला नाही.

पाठ टेकावी म्हणून बसलो तर थावरू नायक नाकाकडे पाहत होते. पाण्याचा रंग बदलला होता. फेस आणि काटक्या येत होत्या. वर कुठं तरी मोठा पाऊस पडला होता.

"वाळू बुडते आता," ते म्हणाले. या वेळी 'बेट म्हणते' असं म्हणायला ते विसरले.

सगळा तांडा शेपटाकडे धावला. वाळूच्या उंचवट्यावर सोमली याडी उभी, शेजारी गाय, आणि पाणी दोघींच्या पायांशी. गाय बेटावर आणता येत नव्हती. लस आजच टोचली होती, ती अंगी लागायला पंधरवडा जायचा होता. हे मीच सांगितलं होतं आणि ते खरं होतं. सगळे माझ्याकडे पाहत होते.

थावरू नायकांनी दोन्ही हात तोंडाशी धरून हाक मारली. "सोमले! गावडी सोड! तू एकटी ये!" गावडी म्हणजे गाय.

वाळूवरून म्हातारीचा आवाज आला, थकलेला पण खणखणीत. "बेटानं ठेव सांगतलं होतं. आता बेटच सोड म्हणून राह्यलं काय?"

कायदा नायकांनीच सांभाळला होता, आणि त्याच कायद्याच्या जोरावर बहीण आता त्यांचं ऐकत नव्हती.

मग तिनं दोर कमरेला गुंडाळला, पिठाची पिशवी डोक्यावर बांधली आणि पलीकडच्या काठाच्या दिशेनं पाण्यात शिरली. तो काठ ओसाड होता, नुसतं सागाचं रान, ना गाव ना गोठा. गाय तिच्या मागं गेली. पाणी म्हातारीच्या छातीपर्यंत आलं. लाल ओढणी, दोन शिंगं, एवढंच दिसत होतं. थावरू नायकांनी माझा दंड धरला होता. दोघी पलीकडे काठ चढल्या तेव्हा त्यांनी तो सोडला. त्यांच्या बोटांचे वळ माझ्या दंडावर कितीतरी दिवस होते.

दुसऱ्या दिवशी पाणी जरा उतरलं तेव्हा डोंगेवाल्यानं जीव मुठीत धरून मला अलीकडे आणलं. पलीकडची धार मात्र मोठी. तिकडे डोंगा घालणं शक्यच नव्हतं. मी पुढच्या गावांकडे निघालो. त्या पंधरवड्यात मी काय काय पाहिलं ते लिहीत नाही. काही गावांत आम्ही वेळेवर पोचलो, काही गावांत नाही. रिकाम्या गोठ्यात खुंट्याशेजारी बसलेली माणसं मला आजही आठवतात, आणि आपण आणखी लवकर पोचायला हवं होतं असं वाटून जीव तुटतो.

पूर ओसरल्यावर, पुन्हा अंग धुऊन आणि नायकांचं धोतर नेसून, बेटावर गेलो. कळप नाकाकडे चरत होता. काही गाईंना दोन दिवस ताप आला होता, काहींनी चारा टाकला होता, आणि आता सगळ्या ठणठणीत होत्या. मी एकेकीच्या डोळ्यांत पाहिलं. लस लागली होती. मला आनंदानं नाचावंसं वाटलं.

थावरू नायकांनी पलीकडच्या रानाकडे बोट दाखवलं. झाडांवर धुराची एक रेघ होती.

"रोज धूर निघते," ते म्हणाले. "एक दिवस चुकला नाई. धूर हाय म्हणजे दोघी हायेत. गावडी जगली, डाक्टर."

जगलीही असेल, असं मी म्हणालो. क्वचित एखादं जनावर बुळकांडीतून उठतं आणि मग त्याला तो रोग पुन्हा होत नाही. हे ऐकून तर तांड्यात सणच झाला. पोरींनी गाईचं नावही ठरवून टाकलं होतं, गंगी. बायांनी तिच्या गळ्यासाठी कवड्यांचा पट्टा शिवला होता, लाल कापडावर, मधे आरसे. तो घेऊन थावरू नायक, मी (पुन्हा आपल्या कपड्यांत) आणि चार-दोन जण पलीकडे निघालो.

काठ चढून थोडं आत गेलो. एका सागाखाली आग धुमसत होती. तिच्याशेजारी दगडांचा ढीग, कमरेएवढा, नीट रचलेला. सोमली याडी त्याला पाठ लावून बसली होती. गाय नव्हती.

आम्हाला पाहून ती आधी म्हणाली, "दूर राह्यजा. पंधरवडा झाला काय?"

"झाला, याडी," मी म्हणालो. "झाला."

तेव्हा तिनं अंग सैल सोडलं. गाय दुसऱ्याच दिवशी गेली होती, पहाटे, तिच्या मांडीवर.

थावरू नायकांच्या हातात तो कवड्यांचा पट्टा तसाच होता. "मंग तू इथं काहून बसली, सोमले? येऊन पाण्याकाठी उभी राह्यली असती. आमी पाह्यलं असतं. डोंगा घातला असता."

"कोल्हे होते. आन् दूरच्या गावचे कुत्रे बी येत होते रानात. एखांदं हाडूक घेऊन पोहत बेटावर आलं असतं तं?" तिनं हात पुढं केले. बोटं सुजली होती, तळव्यांची कातडी गेली होती. "खड्डा खोदाचं माह्याच्यानं झालं नाई. म्हणून गोटे लावले. दिवसा गोटे आनाचे, रातीले आग ठेवाची."

"म्हणजे धूर..." नायकांनी त्या धुमसत्या आगीकडे पाहिलं.

"पाव्हनी होती न रे. तिले कोल्ह्याच्या तोंडी कशी देऊ?"

थावरू नायक तिथंच खाली बसले आणि लहान पोरासारखे रडले. मीही रडलो, लपवत नाही. ढोरांच्या धंद्यात माणूस कठीण होतो असं म्हणतात. मी तरी झालो नाही. सोमली याडीनं भावाच्या हातातून पट्टा घेतला आणि वरच्या दगडावर नीट ठेवला. मग म्हणाली, "चला आता, भूक लागली."

पण असं नुसतं चला म्हणून चालणार नव्हतं. बेटाबाहेर घातलेल्या माणसाला परत आत यायचं तर आधी त्यानं स्वतःच्या हातानं सगळ्या तांड्याला जेवू घालायचं, अशी त्यांची रीत. मला वाटलं, नायक बहिणीसाठी ती सोडतील. नायकांनी सोडली नाही, आणि त्यांनी सोडली असती तरी म्हातारीनं मानलं नसतं. तिचं पीठ तर केव्हाच संपलं होतं. शेवटचे काही दिवस ती रानातल्या पाल्यावर होती. मग डोंगा बेटावर परत गेला आणि घराघरातलं पीठ घेऊन आला. दुपारपर्यंत डोंग्याच्या खेपांनी सगळा तांडा त्या सागाखाली जमला.

सोमली याडीला पीठ मळता येईना. तेव्हा थावरू नायकांनी पागोटं काढून बाजूला ठेवलं आणि परातीपुढं मांडी घातली. त्या देशाचे प्रमुख कोपरापर्यंत पिठात, आणि मागं बाया त्यांना पाणी जास्त झालं, पाणी कमी झालं असं सांगत होत्या. बाट्या, म्हणजे त्यांच्या जाड भाकरी, आगीवर भाजल्या गेल्या. म्हातारी उठली आणि सुजलेल्या तळव्यांवर चळत घेऊन एकेकाला वाढू लागली. मी माझी पिशवी घेऊन जरा बाजूला उभा होतो. हा त्यांच्या घरचा मामला होता.

तिनं मला हाक मारली. "तू तिथं काहून उभा? तू बी बाहीर होता न?"

"मला तर आत घेतलं होतं, याडी. लस टोचली ना मी."

"ते थावऱ्याच्या धोतरात. तुह्या कपड्यात तू अजून बाहीरच हाय." ती हसली. तिचे पुढचे दात नव्हते. मग तिनं अर्धी चळत माझ्या हातावर ठेवली. "हे तुह्या वाटचं. वाढ सगळ्यायले."

मी वाढलं. पोरींच्या हातावर, कारभाऱ्याच्या हातावर, थावरू नायकांच्या पिठानं भरलेल्या हातावर. प्रत्येक जण घेताना मान लववत होता. शेवटी सगळे जेवायला बसले आणि लक्षात आलं, म्हातारीला कोणी वाढलंच नव्हतं. मी बाटी घेऊन तिच्यापुढं बसलो. तिनं हात पसरला, पण बोटं मिटेनात. बाटी खाली पडली.

जनावरांच्या तोंडात औषध घालण्यात माझी हयात गेली. मी बाटी उचलली, झटकली, बारीक तुकडा मोडला आणि तिच्या तोंडात घातला. तिनं तो घोळवला, पण गिळला नाही. भावाकडे पाहून विचारलं, "चांदी?"

"उभी हाय," थावरू नायक म्हणाले.

तेव्हा तिनं घास गिळला. मी दुसरा दिला.

"मोरी?"

"उभी हाय."

"भुरी? आन् तिची कालवड?"

"दोघी बी उभ्या हायेत, सोमले."

ती एकेका गाईचं नाव घेत होती, नायक सांगत होते, आणि तेव्हा कुठं घास खाली उतरत होता. बाटी संपली, पण गाईंची नावं संपली नव्हती. मी दुसरी बाटी मोडायला घेतली.